चेंडू वर, अक्षरं खाली

जपानी भाषेत व्हॉलीबॉलला दोन नावं आहेत. एक रोजच्या बोलण्यातलं, 'बारेबोरु'. म्हणजे आपलं व्हॉलीबॉलच, फक्त जपानी जिभेवरून घरंगळत आलेलं. दुसरं चिनी अक्षरांत लिहायचं, 'हाइक्यू'. त्यातल्या 'क्यू'चा अर्थ चेंडू. हे जरा पुस्तकी नाव. आपल्याकडे ओव्हर आणि षटक यांचं जे आहे तेच समजा. गल्लीत कोणी षटक टाकत नाही, ओव्हरच टाकतात. पण दुसऱ्या दिवशी पेपरात मात्र षटकच छापून येतं.

हारुइची फुरुदाते यांनी २०१२ साली 'शोनेन जंप' या साप्ताहिकात एक चित्रकथा सुरू केली आणि तिला हे पुस्तकी नाव दिलं, 'हाइक्यू'. ती २०२० पर्यंत चालली, तिचे ४५ खंड झाले. तिच्यावरून काढलेल्या कार्टून मालिकेचा (जपानी कार्टूनला 'अॅनिमे' म्हणायचं, नाहीतर पोरं रागावतात) पहिला भाग जपानमध्ये ६ एप्रिल २०१४ ला दाखवला गेला. आणि इकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात, तिला इंग्रजी आवाज देण्यात आले. मी पाहिला तो हा ह्यूस्टनचा इंग्रजी पहिला भाग. मुक्ताईनगरला, घरच्या टीव्हीवर, आईच्या शेजारी बसून. आणि मला तो फार आवडला.

आता यात इतिहास कुठे आला, असं विचाराल. येतो, थोडं थांबा.

आधी गोष्ट. शोयो हिनाता नावाचा एक बुटका मुलगा सायकलवरून चाललेला असतो. टीव्हीच्या दुकानासमोर थांबतो. आत पडद्यावर व्हॉलीबॉलची मॅच चालू असते आणि त्यात एक बुटका खेळाडू उंच उंच पोरांच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू हाणत असतो. झालं, पोरगं तिथेच वेडं होतं. पण त्याच्या शाळेत मुलांची टीमच नसते. तीन वर्षं तो एकटा भिंतीशी, नाहीतर मुलींच्या टीमबरोबर, नाहीतर गावातल्या बायकांच्या टीमबरोबर सराव करतो. शेवटच्या वर्षी कसेबसे सहा जण गोळा होतात, त्यातले दोघे फुटबॉल आणि बास्केटबॉलमधून उसने आणलेले. पहिलीच मॅच, आणि समोर कागेयामा नावाचा गर्विष्ठ पण विलक्षण खेळाडू. मॅच अर्थातच हरतात. चांगली सपाटून हरतात. जाळीपलीकडून कागेयामा विचारतो, तीन वर्षं करत काय होतास तू? हिनाता रडतो, शपथ घेतो, हायस्कूलला जातो, तिथल्या जिमचं दार उघडतो, तर आत कागेयामाच उभा. भाग संपला.

गोष्ट म्हणाल तर साधी आहे. पण मॅच कशी दाखवली आहे ते बघण्यासारखं आहे. चेंडू वर जातो, सगळ्यांच्या माना वर जातात, बुटांचा चिर्रर्र आवाज होतो, पोरगं पळत येतं, उडतं, आणि ते वर असताना क्षणभर सगळं थांबतं.

पुण्याहून दिवाळीला आलेला माझा तेरा वर्षांचा भाचा डबच्या विरोधात आहे. त्याच्या मित्रमंडळात डब बघणं म्हणजे अडाणीपणा. मूळ जपानी ऐकायचं आणि खाली इंग्रजी अक्षरं वाचायची, हेच खरं. "मामा, डब कोण बघतं?" असं तो मला अगदी कीव येऊन म्हणाला. त्याने आधी तसंच लावलं. जपानी आवाज, इंग्रजी पाट्या, आणि आईसाठी तो पाट्या वाचून मराठीत सांगणार. दोन मिनिटांत त्याची दमछाक झाली. तो खाली वाचतोय तोवर चेंडू वरून पलीकडे पडलेला. बाकी कुठल्याही गोष्टीत पाट्या चालतात हो. दोन माणसं चहा पीत बोलताहेत, तुम्ही आरामात वाचा. पण व्हॉलीबॉलमध्ये चेंडू कायम वर असतो आणि अक्षरं कायम खाली असतात. डोळ्यांनी जायचं कुठे?

मग मी इंग्रजी आवाज लावायला लावले. आता त्याचे डोळे मोकळे झाले आणि तोंडही. कानाने इंग्रजी ऐकायचं आणि तोंडाने मराठी सांगायचं, चेंडूवरची नजर न काढता. हे काम आपण पूर्वी कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलं आहे. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलेल्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. इंग्रजांचा खेळ, इंग्रजी शब्द, आणि एक माणूस मैदानावरची नजर न हलवता तो सगळा मराठीत ओततो आहे. धाव, झेल, यष्टी, पायचीत, त्रिफळाचीत. समालोचनातून आणि पेपरांतून हे शब्द घरोघरी गेले आणि ज्यांनी बॅट हातात धरली नाही अशा आजोबांच्या तोंडीही बसले. मी तर म्हणतो क्रिकेट हा मराठीत डब केलेला खेळ आहे. फक्त तो डब इतका चांगला झाला की कोणाच्या लक्षात येत नाही.

जपान्यांनी बेसबॉलचं असंच काहीसं केलं, आणि एकदा तर सरकारी दडपणाखाली केलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, शत्रूची भाषा नको म्हणून बेसबॉलमधले इंग्रजी शब्द काढून टाकले. 'आउट'ला 'हिके' म्हणायचं ठरलं. युद्ध संपलं आणि आउट परत आला. हुकमाने केलेला डब टिकत नाही, असं दिसतं.

असो. तर इतिहास.

व्हॉलीबॉल जपानचा नाही. तो १८९५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक या कारखान्यांच्या गावी जन्मला. विल्यम मॉर्गन नावाचे वाय.एम.सी.ए.चे व्यायामशिक्षक होते. वयस्क नोकरदारांना बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपत नाही म्हणून त्यांनी मध्ये जाळी बांधली आणि चेंडू हाताने इकडून तिकडे मारायला सांगितलं. जपानला हा खेळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाय.एम.सी.ए.च्याच माणसांनी नेला. आणि तिथे तो जो पसरला तो शाळांत पसरला आणि कापडाच्या गिरण्यांत पसरला. गिरण्यांत काम करणाऱ्या बहुसंख्य खेड्यातून आलेल्या मुली. गिरणीच्याच आवारात राहायच्या. त्यांच्यासाठी व्यायाम म्हणून अंगणात जाळी बांधली जाई.

आता या गिरण्यांना कापूस कुठून येत होता? इथे आपल्या भागाचा संबंध येतो. जपानमध्ये कापूस जवळजवळ पिकत नाही. १८९३ साली जमशेटजी टाटांशी भागीदारी करून निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई ते जपान अशी नियमित बोट सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठी. जपानी व्यापारी कंपन्यांच्या पेढ्या मुंबईत उघडल्या. आणि मुंबईच्या कापूसबाजारात 'खानदेश' हे तर कापसाच्या जातीचं नावच होतं, वऱ्हाडच्या शेजारी लिहिलं जाणारं. आखूड धाग्याचा, जाडाभरडा, स्वस्त. जपानी गिरण्यांना तेव्हा तोच हवा होता. भुसावळ-नागपूर लाइनीवरच्या बोदवड, मलकापूरच्या बाजूने रुईच्या गाठी मुंबईला जायच्या. आमच्या गावाला रेल्वे नाही. त्यामुळे एडलाबादचा (मुक्ताईनगरचं जुनं नाव, आजही एस.टी.त म्हातारे तेच सांगतात) कापूस बैलगाडीने स्टेशनाकडे निघायचा. पुढे कुठे जातो हे कोण विचारतंय. पैसे मिळाले की झालं.

एका बाजूने गाठी गेल्या, दुसऱ्या बाजूने कापड आलं. १९३०च्या दशकात जपानी कापडाने इथल्या गिरण्यांच्या नाकी नऊ आणले होते. जळगावची खानदेश मिल त्या काळातूनही गेली. आता तीही बंद आणि तिचा भोंगाही बंद. हे मी अशासाठी सांगतो की 'जपानी कार्टून आपल्या संस्कृतीत बसत नाही' असं म्हणणारे एक काका आमच्या नात्यात आहेत. त्यांच्या आजोबांचा कापूस बसत होता!

अशाच एका जुन्या गिरणी कंपनीची, निचिबोची, ओसाकाजवळ काइझुका इथे गिरणी होती. तिथल्या मुलींची व्हॉलीबॉल टीम १९५०च्या दशकात हिरोबुमी दाइमात्सु नावाच्या प्रशिक्षकाच्या हाती आली. दिवसा गिरणीत काम, मग मध्यरात्रीपर्यंत सराव. चेंडू उचलताना जमिनीवर कोलांटी मारून लगेच उभं राहायचं, ही त्यांची खासियत. सोव्हिएत वर्तमानपत्रांनी त्यांना 'पूर्वेकडच्या चेटकिणी' असं नाव ठेवलं. १९६४ साली तोक्योला ऑलिंपिक झालं आणि व्हॉलीबॉल तिथे पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. २३ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात या गिरणीतल्या मुलींनी, त्याच राष्ट्रीय संघाचा कणा होत्या, सोव्हिएत संघाला ३-० असं हरवलं. तो सामना तिथे टीव्हीवर ६६.८ टक्के घरांनी पाहिला म्हणतात. (जाता जाता, १९६२च्या जकार्ता आशियाई खेळांत पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये सुवर्ण जपानला आणि रौप्य भारताला होतं. आपणही काही अगदीच नव्हतो.)

त्या सामन्यानंतर जपानभर लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या बायका व्हॉलीबॉल खेळायला लागल्या. त्याला 'मामासान बारे' म्हणतात, म्हणजे आयांचा व्हॉलीबॉल. १९७० पासून त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. आणि म्हणून, 'हाइक्यू'च्या पहिल्या भागात बुटका हिनाता ज्या बायकांच्या टीमबरोबर सराव करतो ती टीम लेखकाने विनोदासाठी घातलेली नाही. त्या बायका १९६४ मधून आलेल्या आहेत.

हा प्रसंग पडद्यावर आला तेव्हा आई म्हणाली, "अरे, ह्या बाया बी खेयतात का रे?" भाचा म्हणाला, "हो आजी, ती मम्मी लोकांची टीम आहे." आई बराच वेळ काही बोलली नाही, फक्त बघत राहिली. तिने आयुष्यात लगोऱ्याही लग्नाआधीच खेळून संपवल्या.

आईची बोली लेवा गणबोली, बहिणाबाईंची बोली. त्यात 'ळ'चा 'य' होतो. माझी मराठी शाळेने आणि नोकरीने घासून सपाट केलेली. भाच्याची मराठी पुण्याच्या इंग्रजी शाळेतली, बोलतो पण वाचताना अडखळतो. एका सोफ्यावर तीन माणसं आणि साडेतीन भाषा. सणाला भेटले तरी आजी-नातवाचं बोलणं 'जेवलास का', 'अभ्यास कसा चाललाय' यापुढे जात नाही. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण विषय नाही. हे माझ्या डोक्यात बरेच दिवस आहे, म्हणून डबच्या गोष्टीवर एवढं लिहितोय.

तर, १९६४च्या त्या लाटेवरच जपानमध्ये खेळांच्या मालिका आल्या. 'क्योजिन नो होशी' नावाची बेसबॉलची मालिका ३० मार्च १९६८ ला सुरू झाली आणि १९७१ पर्यंत तिचे १८२ भाग झाले. चाळीवजा घरात राहणारा गरीब बाप, एके काळी मोठ्या संघात खेळलेला, युद्धात जायबंदी झालेला. तो आपलं राहिलेलं स्वप्न पोराच्या मानगुटीवर बसवतो. पोराच्या अंगाला स्प्रिंगांचं जोखड बांधून त्याचे हात मजबूत करतो. बहीण आडोशाला उभी राहून रडते. पाठोपाठ डिसेंबर १९६९ मध्ये 'अटॅक नंबर वन' आली, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींची, १०४ भागांची.

या मालिका मग भाषा बदलत बदलत जगभर गेल्या. 'अटॅक नंबर वन' इटलीत इटालियनमध्ये बोलली. 'कॅप्टन त्सुबासा' नावाची फुटबॉलची मालिका स्पेनमध्ये 'ऑलिव्हर आणि बेंजी' होऊन गेली, पोरांची नावंसुद्धा बदलून. ती बघून आपण फुटबॉलकडे वळलो असं फर्नांडो टोरेसने सांगितलेलं आहे. तोच टोरेस, ज्याने २००८च्या युरो कपच्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध स्पेनचा एकमेव गोल केला. मूळ जपानी ऐकून खाली पाट्या वाचायच्या असत्या तर पाच-सहा वर्षांचं पोरगं ते बघत बसलं असतं? त्याला वाचता तरी किती येत होतं? शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "पण टोरेसला ऑप्शन नव्हता." पोरगं वकील होणार.

आपल्याकडे हा भाषेचा प्रश्न बोलपट आल्याबरोबर उभा राहिला. १९३२ साली 'प्रभात'ने पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. हिंदीतही हवा होता. आवाज नंतर चिकटवायची सोय नव्हती, म्हणून व्ही. शांतारामांनी प्रत्येक प्रसंग दोनदा घेतला, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. तारामती दोन्हींत दुर्गा खोटेच. एकच राणी दोन भाषांत रडली. डबिंगच्या आधीचं डबिंग म्हणायला हरकत नाही, आणि कष्ट दुप्पट.

मग आमच्या पिढीचं. १९९३च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. मोगली, बघीरा, बल्लू. अँटेना फिरवायला गच्चीवर एक जण, खाली "आलं, आलं, गेलं" ओरडायला दुसरा. ती मालिका जपानी होती हे आमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? निप्पॉन अॅनिमेशनने १९८९ मध्ये काढलेली. मुंबईत जन्मलेल्या इंग्रज लेखकाची, सिवनीच्या जंगलातली (आमच्या सातपुड्याच्याच रांगेतली म्हणा ना) गोष्ट, तोक्योत चितारली आणि मुंबईत हिंदीत बोलली. चड्डी आणि फूल असलेलं ते शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, विशाल भारद्वाजांनी चाल दिली, ते मूळ जपानीत नव्हतंच. आणि शेरखान होता आपला नाना पाटेकर! त्या वाघाचा दुसरा कुठला आवाज मला आजही चालणार नाही. मूळ जपानी शेरखान कसा बोलतो ते ऐकायची इच्छाही नाही. डबला नावं ठेवणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांनी जरा आपल्या रविवारच्या सकाळी आठवून बघाव्यात.

खेळाची जपानी मालिका मात्र आपल्याकडे एकदा फार थाटामाटाने आणली गेली, आणि तिची कोणी आठवण काढत नाही. २३ डिसेंबर २०१२ ला कलर्स वाहिनीवर 'सूरज: द रायझिंग स्टार'चा पहिला भाग लागला. ही म्हणजे वर सांगितलेली 'क्योजिन नो होशी'च, पण नुसता आवाज बदललेली नाही. सगळंच बदललं. बेसबॉलचं क्रिकेट केलं, तोक्योची मुंबई केली, चाळीची झोपडपट्टी केली. स्प्रिंगांचं ते जोखड इथे क्रूर वाटेल म्हणून त्याच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. पैसा लावणाऱ्यांत सुझुकी होती आणि कोकुयो होती. कोकुयो म्हणजे ती कंपनी, जिने २०११ साली आपल्या दांडेकरांच्या कॅम्लिनचा मोठा हिस्सा घेतला. ज्या उंटाच्या कंपासपेटीवर महाराष्ट्रातली पोरं भूमिती शिकली तो उंट या मालिकेमागे उभा होता. २६ भाग झाले आणि संपलं.

का बरं नसेल रुजली? माझं मत सांगतो. करणाऱ्यांना वाटलं की भारतीय पोराला क्रिकेटशिवाय काही कळणार नाही. म्हणून खेळच बदलला. पण क्रिकेटची नवलाई इथे कोणाला? सचिन होता, धोनी होता, बारा महिने खराखुरा खेळ चालू होता. मोगलीच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं की लांडग्यांत वाढलेलं पोरगं यांना कळेल का. गोष्ट परकी राहू दिली आणि आवाज आपला दिला. माझ्या मते डबचं सगळं मर्म एवढंच आहे. घर तसंच ठेवायचं, फक्त दार आपल्या बाजूला उघडायचं.

इंग्रजी डबचं कौतुक केलं खरं, पण त्यात एक जागा मला खटकली. जपानीत मान-अपमानाच्या पायऱ्या असतात. वरच्या वर्गातल्याशी एक भाषा, बरोबरीच्याशी दुसरी, आणि तोडून बोलायचं असेल तर तिसरी. कागेयामा जाळीपलीकडून बोलतो ते तोडून बोलणं आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आवाज देणाऱ्याने सगळा माज आवाजात आणला, छान आणला, पण शब्दात तो माज नाही. भाच्याने मराठी करताना न सांगता केलं: "तो म्हणतो, तू तीन वर्षं काय करत होता?" आणि पुढच्या इयत्तेतल्या मुलांना त्याने आपोआप 'दादा' लावलं. म्हणजे जपानीतून इंग्रजीत येताना जे सांडलं होतं त्यातलं थोडं मराठीत परत भरलं गेलं. पोराला याचा पत्ता नाही.

आई तेव्हा चिडून म्हणाली, "त्याले एवढं बोलाची काय गरज व्हती? हारलंच ना पोरगं." तिला तो अपमान बरोबर कळला.

कोणाला काय म्हणून हाक मारायची यावरून आमच्या भागात एक मोठी गोष्ट घडलेली आहे. चांगदेव मुक्ताईनगरपासून जवळच, तापी-पूर्णेच्या संगमावर. आता हतनूर धरणाचं पाणी तिथे पसरलेलं असतं. आख्यायिका अशी, की योगी चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. मायना काय घालावा? वयाने ते लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानाने मोठे. 'तीर्थस्वरूप' लिहावं, तर वयाने पोर. शेवटी चांगदेवांनी कोरा कागदच पाठवला. मुक्ताई तो बघून हसली म्हणतात, आणि ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. मायन्यापाशी अडणारी भाषा आहे आपली. चांगदेवांना इंग्रजी येत असतं तर पत्र गेलं असतं आणि पासष्टी झाली नसती.

अशा भाषेत जपानी गोष्टी किती चांगल्या बसतील! हिंदी, तमिळ, तेलुगूत या मालिकांचे आवाज यायला लागले आहेत. मराठीत यावेत असं मला फार वाटतं, आणि ते भाषेच्या अभिमानापोटी नाही. आईला समजावं म्हणून. दर वेळी पुण्याहून दुभाषा कुठून आणणार?

आणि व्हॉलीबॉल आमच्याकडे परका आहे असंही नाही. इकडच्या खेड्यांत दोन बांबूंना जाळी बांधलेली अजून दिसते. आमच्यात दोन प्रकार, शूटिंग आणि स्मॅशिंग. शूटिंग म्हणजे मूठ मारून चेंडू थेट पलीकडे ठोकायचा. बसून पास देणं वगैरे नाजूक भानगड नाही. स्मॅशिंग म्हणजे शहरी, शाळेच्या टुर्नामेंटमधला. 'हाइक्यू' हा अर्थातच स्मॅशिंगचा. त्यात एकाने चेंडू उचलायचा, दुसऱ्याने नेमका वर द्यायचा, तिसऱ्याने मारायचा. मधला जो वर देतो तो सेटर. कागेयामा सेटर आहे. स्वतः मारत नाही, पण सगळं त्याच्या हातात.

हे 'सेटर' आईला सांगताना भाचा अडला. त्याने मला विचारलं, मलाही सांगता येईना. 'चेंडू उंचावणारा' म्हणून बघितलं, ते सरकारी जाहिरातीसारखं वाटलं. आईने विचारलं, तो करतो काय नेमकं? भाचा म्हणाला, तो स्वतः पॉइंट घेत नाही, दुसऱ्यांना बॉल देतो, ज्याला पाहिजे त्याला, पाहिजे तिथे. आई म्हणाली, "म्हनजे वाढपी."

पंगतीत वाढणारा. कोणाच्या पानात काय कमी आहे ते बघत फिरणारा, आणि स्वतः शेवटी जेवणारा. सेटरला यापेक्षा चांगला शब्द कुठल्या भाषेत आहे मला माहीत नाही.

भाचा दिवाळी संपल्यावर पुण्याला गेला. आता रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. तो पुढचा भाग बघून झालेला असतो, आणि आजीला मॅच सांगतो, वाढप्यासकट. आई मध्ये मध्ये विचारते, "तुया त्या उड्या मारनाऱ्या वानराचं काय झालं?" तिला हिनाताचं नाव घेता येत नाही. मागच्या आठवड्यात लिबेरो नावाचा खेळाडू आला आहे. वेगळ्या रंगाचा शर्ट घालतो, फक्त पडणारे चेंडू उचलतो, स्मॅश मारायची त्याला परवानगी नाही. हा नियम जगात १९९८ पासूनचा. त्याला काय म्हणायचं यावर पुणे आणि मुक्ताईनगरचं अजून एकमत झालेलं नाही. आई म्हणते 'राखणदार', भाचा म्हणतो आजी, तो शेतात नाही उभा.